‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड’ आणि ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी’ : बँक म्हणते, एकच असल्याचा दाखला आणा

कृष्णाकाठचा_हेडक्लार्क

नमस्कार मंडळी. विषय किचकट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सातारा जिल्ह्यातला. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात ३१ वर्षे काढून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. धाकट्या भावाच्या मुलीला अमेरिकेत इन्फर्मेशन सिस्टिम्स विषयात एमएससाठी प्रवेश मिळाला आहे. पत्रावर विद्यापीठाचे नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी’. भाऊ शेतकरी, कोरेगाव भागात आले लावतो. आल्याच्या भावाचे वर-खाली ज्याने पाहिले आहे त्याला, कर्ज का काढावे लागते, हे सांगायला नको.

बँकेकडे परदेशी विद्यापीठांची यादी आहे. यादीत नाव असेल तर तारण लागत नाही. यादीत छापले आहे नुसते ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड’. साहेबांनी यादी आणि प्रवेशपत्र शेजारी शेजारी ठेवले, पेनाचे टोपण बरोबर स्वल्पविरामावर टेकवले आणि म्हणाले, “काका, ह्याच्या पुढचं हे काय आहे? शाखा असेल तर चालेल. दोन्ही एकच असल्याचा दाखला आणा.” दाखला नसेल तर भावाचे सव्वा एकर गहाण.

नावांच्या भानगडी मला नव्या नाहीत. आमचे कॉलेज जुने, त्यामुळे १९६२ पर्यंत पुणे विद्यापीठाची आणि त्यानंतर शिवाजी विद्यापीठाची, अशी दोन तऱ्हेची रजिस्टरे एकाच कपाटात होती. ‘सदरहू दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा टंकले असेल याला गणती नाही. पण ते मी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गॅझेटची प्रत, सगळे समोर ठेवून टंकत असे. इथे माझ्या समोर फक्त गुगल आहे. त्यात जिकडेतिकडे ‘फ्लॅगशिप’ शब्द. कॉलेज पार्क नावाच्या गावातले विद्यापीठ फ्लॅगशिप, पुतणीचे नाही. तिचा मामा पुण्यात आयटीत असतो. तो जेवताना म्हणाला, “म्हणजे कारखान्याचं युनिट नंबर दोन.” भाऊ ताटावरून उठला.

तर हे फ्लॅगशिप कोण ठरवते? सरकारी आदेश असतो का? आणि स्वल्पविरामाच्या पुढे जे आहे ते शाखा आहे, की स्वतंत्र?

मुक्काम_पिंपळे_सौदागर

काका, टेन्शन घेऊ नका. सिस्टीम एकच आहे. ‘युनिव्हर्सिटी सिस्टीम ऑफ मेरीलँड’ च्या साइटवर दोन्ही नावं दिसतात, त्या पानाची प्रिंट काढा, खाली ‘एकच’ म्हणून लिहा आणि सही ठोका. बँकेत कोण बघतंय.

बाल्टिमोरचा_सोलापूरकर

काका, थांबा. मी त्याच विद्यापीठाचा. २०१६ ते २०१८, कोर्सही तुमच्या पुतणीचाच.

आधी सरळ उत्तर. दोन्ही एकच नाहीत. असा दाखला कुणी देणार नाही आणि वरच्या भाऊंनी सांगितलंय तसं लिहून तर अजिबात देऊ नका. पोरीला जो आय-२० येईल, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म, त्यावर संस्थेचं नाव आणि तिचा कोड असतो. कॉलेज पार्कचा कोड वेगळा, आमचा वेगळा. उद्या व्हिसाच्या खिडकीत कर्जाचं पत्र एका नावाचं आणि आय-२० दुसऱ्या नावाचा निघाला तर तिने तिथे उभं राहून काय सांगायचं?

आता ‘शाखा’. तुम्ही साताऱ्याचे आहात म्हणून सोपं आहे. रयत शिक्षण संस्था डोळ्यांपुढे आणा. संस्था एक, तिची कार्यकारिणी एक, पण गावोगावच्या शाळा-कॉलेजांना आपापले मुख्याध्यापक, आपापले प्राचार्य. एका कॉलेजला दुसऱ्या कॉलेजची शाखा कुणी म्हणत नाही. मेरीलँडची सिस्टीम म्हणजे तशी संस्था. तिच्या पोटात १२ घटक आहेत. वरती एक बोर्ड ऑफ रीजंट्स आणि एक चॅन्सेलर. खाली प्रत्येकाचा स्वतःचा प्रेसिडेंट, स्वतःचे प्रवेश, स्वतःची मान्यता. मिडल स्टेट्स कमिशन नावाची संस्था तिकडे मान्यता देते, तीही प्रत्येकाला वेगवेगळी. रयतेशी एका बाबतीत जुळत नाही : पदवी देणारं विद्यापीठ तिकडे दुसरं कुणी नसतं, घटक स्वतःच पदवी देतो. आपल्याकडची संलग्न कॉलेजांची पद्धत डोक्यातून काढून टाकली की अर्धा गोंधळ संपतो.

एक मात्र कबूल करतो, १९८८ पर्यंत तुमच्या बँकेच्या साहेबांचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं असतं. कॉलेज पार्कला १८५६ मध्ये सनद मिळाली ती मेरीलँड ॲग्रिकल्चरल कॉलेज म्हणून. १९२० मध्ये बाल्टिमोर शहरातली जुनी वैद्यकीय आणि कायद्याची कॉलेजं त्याला जोडली आणि ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड’ झालं. आमचं यूएमबीसी (‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी’ची आद्याक्षरं) त्याच विद्यापीठाने १९६६ मध्ये शहराच्या वेशीबाहेर काढलं, पहिल्या वर्षी ७५० पोरं. म्हणजे जन्माने ते त्याच घरचं. १९८८ मध्ये राज्याने सगळं मोडून नव्याने बांधलं. युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडचे पाच कॅम्पस आणि टाउसन, सॉल्सबरी, बोवी वगैरे सहा वेगळी कॉलेजं एका बोर्डाखाली आणली. तेव्हापासून आम्ही भाऊबंद. वाटण्या झालेल्या, आडनाव मात्र तेच.

आडनावाचा त्रास मला विमानातून उतरल्या दिवशीच झाला. बाल्टिमोरचा विमानतळ आणि यूएमबीसी यांच्यात गाडीने दहाएक मिनिटांचं अंतर. मी ड्रायव्हरला सांगितलं, “युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर.” ‘काउंटी’ हा शब्द मला पत्त्यातल्या ‘ता. जि.’ सारखा वाटला होता, बोलताना कोण म्हणतं? त्याने मला विद्यापीठ मागे टाकून शहराच्या मधोमध एका अवाढव्य हॉस्पिटलच्या दारात उतरवलं. त्याची काहीच चूक नव्हती. ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर’ हे खरंच वेगळं विद्यापीठ आहे : डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, वकील, फार्मसी. त्यातलं मेडिकल स्कूल १८०७ चं. दोन बॅगा आणि आईने बांधून दिलेला शेंगाचटणीचा डबा घेऊन मी इमर्जन्सीच्या दाराशी उभा होतो आणि सिक्युरिटीवाली बाई विचारत होती, “सर, आर यू सिक?”

भरीला तिथे ‘युनिव्हर्सिटी ऑफ बाल्टिमोर’ नावाचंही एक आहे. तेही त्याच सिस्टीममधलं. कुणाची कुणी शाखा नाही.

आणि ‘काउंटी’ म्हणजे पत्त्यातला शेपूट नाही हे नंतर कळलं. बाल्टिमोर शहर १८५१ पासून बाल्टिमोर काउंटीत येतच नाही. आपल्याकडे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे, तसं काहीसं. आम्ही शहरात नसून काउंटीत आहोत, म्हणून नावात काउंटी. तेवढा एकच शब्द गाळलात तर सरळ दुसऱ्या विद्यापीठात पोचता. मी पोचलो होतो.

मुक्काम_पिंपळे_सौदागर

ओके, सही ठोकायचा सल्ला मागे घेतो. 🙏

पण फ्लॅगशिपचं काय? माझ्या डोक्यात आहे ते असं : मानाचा पहिला गणपती. कसबा. विसर्जनाला पहिला तोच निघणार, गर्दी असो नसो. बरोबर का?

बाल्टिमोरचा_सोलापूरकर

उपमा चोख आहे. पुढचंही तुम्हीच म्हणा : दगडूशेठ मानाच्या पाचांत नाही, पण रांग कुठे असते?

काकांनी विचारलं होतं, सरकारी आदेश असतो का. बहुतेक राज्यांत नसतो. जे सगळ्यात जुनं, सगळ्यात मोठं, ज्याच्या नावात राज्याच्या नावापलीकडे काही नाही, त्याला लोक फ्लॅगशिप म्हणतात. शब्द आरमारातला. सरखेलाचं निशाण ज्या जहाजावर ते फ्लॅगशिप. आंग्र्यांचं नाव ऐकत वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

मेरीलँडची गंमत म्हणजे इथे तो सरळ कायद्यात आहे. १९८८ च्या त्याच पुनर्रचनेत कॉलेज पार्क हा राज्याचा फ्लॅगशिप कॅम्पस असं लिहिलं गेलं, आणि देशातल्या त्याच्या तोडीच्या विद्यापीठांत तो वरच्या फळीत बसेल एवढा पैसा आणि इमारती त्याला मिळाव्यात, असंही. सांगायचं ते पुढेच आहे. दोन-तीन वर्षांत मंदी आली, राज्याची तिजोरी आटली आणि मानाच्या पहिल्यालाही कात्री लागली. कायद्यातला शब्द जागेवर होता, पैसा नव्हता. जीआर निघतो आणि तरतूद होत नाही, हे तुम्ही ३१ वर्षं बघितलंच असेल.

मग १९९७. ह्या वर्षाची दुरुस्ती मला अजून मजेशीर वाटते. तोवर सिस्टीमचं नाव होतं ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड सिस्टीम’. ते झालं ‘युनिव्हर्सिटी सिस्टीम ऑफ मेरीलँड’. शब्द तेच, क्रम वेगळा. का? ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड’ हे शब्द सलग मोकळे करून एकट्या कॉलेज पार्कला वापरता यावेत म्हणून. त्याच वेळी त्यांना गावाचं नाव न लावता नुसतं ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड’ म्हणवून घ्यायची परवानगी मिळाली. तुमच्या बँकेच्या यादीत जे नुसतं छापलंय ते ह्यामुळे कॉलेज पार्कच समजायचं. विस्कॉन्सिनने २०२३ मध्ये थोडं असंच केलं : ‘युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन सिस्टीम’ स्वतःला ‘युनिव्हर्सिटीज ऑफ विस्कॉन्सिन’ म्हणवून घ्यायला लागली. एक अनेकवचन केलं आणि मॅडिसन, म्हणजे तिथलं फ्लॅगशिप, वेगळं उठून दिसायला लागलं.

आणि ज्याला फ्लॅगशिप म्हणतात त्या कॉलेज पार्ककडे स्वतःचं मेडिकल कॉलेज नाही! ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड स्कूल ऑफ मेडिसिन’ बाल्टिमोर शहरातल्या त्या विद्यापीठाचं, जिथे मी आजारी नसताना पोचलो होतो. २०११ मध्ये ही दोन एकत्र करावीत असा घाट घातला गेला, रीजंट्सनी विलीनीकरण नको म्हटलं, पुढच्या वर्षी नुसती भागीदारी झाली, ती कायद्यात आली २०१६ मध्ये.

आत्याबाई_रिचर्डसन

मध्येच बोलते. मी युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस ॲट डॅलसची. आमच्याकडेही हेच दुखणं, फक्त दुखण्याच्या खाली तेल आहे.

ऑस्टिनचं विद्यापीठ १८८३ चं. १९६७ पर्यंत त्याचं नाव नुसतं ‘द युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस’ होतं, मग ‘ॲट ऑस्टिन’ जोडलं, कारण भावंडं वाढली. आमचं १९६१ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या संस्थापकांनी काढलेलं संशोधन केंद्र होतं, १९६९ मध्ये ते राज्याला दिलं. पदवीच्या पहिल्या वर्षाला मुलं घ्यायला लागले १९९० मध्ये. आमचं अर्लिंग्टनचं भावंड तर १९६५ पर्यंत चक्क टेक्सस ए अँड एम ह्या राज्यातल्या दुसऱ्या मोठ्या विद्यापीठाच्या सिस्टीममध्ये होतं. दत्तक म्हणा हवं तर.

आता तेल. राज्याने एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाच्या नावे पश्चिम टेक्ससमधली माळरानाची जमीन लावून दिली, सगळी मिळून २१ लाख एकर. काही उगवत नव्हतं, शेळ्यामेंढ्या चरायच्या. १९२३ मध्ये सांता रीटा नंबर एक ही तेलाची विहीर लागली आणि माळरानाचं सोनं झालं. त्या जमिनीच्या पैशाचा एक कायमचा फंड आहे. त्याच्या उत्पन्नाचे दोन भाग आमच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस (यूटी) सिस्टीमला, एक भाग ए अँड एमला. यूटीच्या वाट्यातून रोजच्या खर्चाला पैसा मिळतो तो ऑस्टिनला. आम्हाला डॅलसला त्या फंडावर उभारलेल्या रोख्यांतून इमारती मिळतात. प्राध्यापकांचे पगार, शिष्यवृत्त्या ह्यांच्यासाठी आमची झोळी वेगळी. फ्लॅगशिप म्हणजे काय ते मला तरी ह्या हिशेबातूनच कळलं. शब्द कुणीही लावेल, पंगतीत तूप कुणाला वाढतात ते बघावं.

काका, बँकेतला तुमचा प्रसंग मी माझ्या वडिलांबरोबर अनुभवलाय. आमचे साहेब म्हणाले होते, “ऑस्टिनचं डॅलसला एक्स्टेन्शन काउंटर आहे का?” बाबा बँकेतलेच होते म्हणून हसले.

ऊईपूई_२०११

तुम्ही सगळे नशीबवान. तुमची विद्यापीठं निदान आहेत.

मी शिकलो ते इंडियाना युनिव्हर्सिटी–पर्ड्यू युनिव्हर्सिटी इंडियानापोलिस. आयुपीयूआय. पोरं लाडाने ऊई-पूई म्हणायची. १९६९ मध्ये दोन मोठ्या विद्यापीठांनी राजधानीत भागीदारीत काढलेलं घर. इंडियाना युनिव्हर्सिटीचं मुख्य आवार ब्लूमिंग्टनला, पर्ड्यूचं वेस्ट लाफायेतला. आमचं कुणाचंच मुख्य नाही, दोघांचंही मधलं. मी मेकॅनिकलला होतो, त्यामुळे पदवी पर्ड्यूची. शेजारच्या खोलीतला नागपूरचा मित्र दुसऱ्या विभागात, त्याची पदवी इंडियाना युनिव्हर्सिटीची. एकाच कॅन्टीनमध्ये जेवून दोन विद्यापीठांचे पदवीधर झालो.

१ जुलै २०२४ ला भागीदारी मोडली. आता त्याच रस्त्यावर आययू इंडियानापोलिस वेगळं आणि पर्ड्यूचं आवार वेगळं. बायोडेटात मी काय लिहावं? खरं नाव लिहिलं तर समोरचा शोधतो आणि म्हणतो हे बंद पडलंय. नुसतं पर्ड्यू लिहिलं तर मला स्वतःलाच वेस्ट लाफायेतचं फुकट मिरवल्यासारखं वाटतं. सध्या दोन्ही लिहितो, एक ओळ वाढते.

हेडक्लार्क काका, ‘सदरहू दोन्ही विद्यापीठे एकच होती व आता नाहीत’ असा दाखला असतो का?

कृष्णाकाठचा_हेडक्लार्क

असतो. त्याला आम्ही ‘सत्यप्रतिज्ञापत्र’ म्हणायचो आणि त्याला मुद्रांक लागायचा.

सर्वांचे आभार. सोलापूरकर, आपले पत्र मी छापून घेतले आणि भावाला मोठ्याने वाचून दाखवले. हॉस्पिटलच्या दारातल्या प्रसंगाला वहिनी फार हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. पोरीला एकटीने उतरायचे आहे.

दोन शंका राहिल्या. प्रवेशपत्रासोबत आलेल्या कागदांत ‘प्रेसिडेंट’ म्हणजे आपले कुलगुरू समजायचे का? मग चॅन्सेलर कोण? आपल्याकडे राज्यपाल कुलपती. दुसरे, नुसत्या नावाकडे पाहून तिकडे मालक मंडळी नोकरी देताना दुजाभाव करतात का? हे मला भावासाठी विचारायचे आहे. तो तोंडाने विचारत नाही.

बाल्टिमोरचा_सोलापूरकर

प्रेसिडेंट म्हणजे कुलगुरू, चॅन्सेलर म्हणजे सगळ्या सिस्टीमचा प्रमुख, हे मेरीलँडपुरतं खरं. कॅलिफोर्नियात गेलात की उलट : सिस्टीमचा तो प्रेसिडेंट आणि बर्कली, लॉस एंजेलिस यांचे ते चॅन्सेलर. पदनामावरून कोण कुणाच्या वर हे ठरवायला जाऊ नका.

दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो. होय, नावाचं वजन पडतं. पहिल्या वर्षी इंटर्नशिपच्या मेळाव्यात एका कंपनीच्या टेबलावरच्या माणसाने माझा कागद बघून विचारलं, “कॉलेज पार्क?” मी म्हटलं, नाही, बाल्टिमोर काउंटी. त्याने कागद उलटा ठेवला. त्या रात्री मी घरी फोन केला नाही. दुसऱ्या टेबलावर सरकारी कामं करणाऱ्या एका कंपनीची बाई होती, ती म्हणाली आमच्याकडे तुमचीच माणसं भरलीत. मेरीलँडच्या त्या पट्ट्यात, वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या मधे, संगणक सुरक्षेच्या नोकऱ्यांची दाटी आहे आणि तिथे आमचं नाव चालतं. अर्थात त्यातल्या पुष्कळ नोकऱ्यांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ते आपल्या पोरांकडे नसतं. हे तिला आधीच सांगून ठेवा, मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग १६ मार्च २०१८. मी अर्बुटसच्या भाड्याच्या घरात भात लावत होतो. बास्केटबॉल मला तेव्हाही कळत नव्हता, आताही नाही. देशातल्या स्पर्धेत गटात सोळाव्या मानांकनाचा संघ पहिल्या मानांकनाशी खेळतो आणि हरतो, पुरुषांच्या स्पर्धेत तोवर याला एकही अपवाद नव्हता. आम्ही सोळावे, समोर व्हर्जिनिया. ७४–५४. वीस गुणांनी! रूममेट किंचाळत आला, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते विसरलो, भाताची पेज झाली. त्या रात्री अख्खी अमेरिका गुगलवर विचारत होती, यूएमबीसी म्हणजे काय. पुढच्या आठवड्यात मुलाखतीला गेलो तर समोरच्याने पहिला प्रश्न तोच काढला आणि हसत हात पुढे केला. दीड वर्ष जे मी ‘कॉमा, बाल्टिमोर काउंटी’ असं समजावत होतो ते पाच खेळाडूंनी दोन तासांत समजावलं. २०२२ मध्ये यूएमबीसीला कार्नेगीच्या वर्गवारीत आर-वन, म्हणजे संशोधनाची सगळ्यात वरची पायरी, मिळाली. कॉलेज पार्कही त्याच पायरीवर आहे. पण मला हात मिळाला तो बास्केटबॉलमुळे, हेही लिहून ठेवतो.

सिस्टीमचा फायदाही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल नुसतं आडनावच आहे. सगळ्या घटकांच्या ग्रंथालयांचा कॅटलॉग एकत्र आहे. कॉलेज पार्कचं पुस्तक मागवलं की आमच्या ग्रंथालयात येऊन पडायचं. दुसऱ्या घटकात जाऊन एखादा विषय शिकायचीही सोय आहे. मी एकदा कॉलेज पार्कला गेलो तेव्हा त्यांच्या कासवाच्या पुतळ्याचं नाक घासून आलो, तिकडची पोरं परीक्षेआधी घासतात. आमच्याकडे कुत्र्याचा पुतळा आहे, त्याचंही नाक घासून चकचकीत झालंय. एवढ्या बाबतीत फ्लॅगशिप आणि बाकीचे समान.

करवीर_रंकाळा

वाचतोय. शिवाजी विद्यापीठाचा विषय निघालाच आहे तर, नाव लांब करावं की नाही ह्यावरून इथे कोल्हापुरात मोर्चे-प्रतिमोर्चे झालेत. आहे तसं राहू द्या म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा : लांब केलं की लोक आद्याक्षरं करतात आणि ज्याच्यासाठी नाव दिलं तेच तोंडातून जातं. बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांचं ‘एमएस युनिव्हर्सिटी’ झालं. सोलापूरकर, तुमच्या सोलापूर विद्यापीठालाही २०१९ मध्ये अहिल्यादेवींचं नाव मिळालं ना? तुमच्या प्रमाणपत्रावर काय आहे?

बाल्टिमोरचा_सोलापूरकर

नुसतं ‘सोलापूर विद्यापीठ’. माझी पदवी २०१४ ची. यूएमबीसीला अर्ज करताना जे नाव होतं ते आता वेबसाइटवर सापडत नाही. आता पीएचडीसाठी कागद पाठवायचेत, तिकडचे तपासनीस विचारतात की हे विद्यापीठ आणि ते विद्यापीठ एकच का. इथे उत्तर ‘हो’ आहे, आणि दाखला मिळायला तीन आठवडे लागले.

कृष्णाकाठचा_हेडक्लार्क

मंडळी, उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. निकाल सांगायचा राहिला.

बँकेला मी स्वतःच्या हस्ताक्षरात दीड पानी निवेदन दिले. पहिल्याच ओळीत लिहिले की सदरहू दोन्ही विद्यापीठे एक नाहीत. साहेब वाचून म्हणाले, “काका, तुम्ही तुमच्याच विरुद्ध लिहून आणलंत.” मी म्हटले, पुढे वाचा. पुढे स्वतंत्र मान्यता, आय-२० वरचा स्वतंत्र कोड आणि आपण दिलेली १९८८ व १९९७ ची हकीकत होती, एकेक कागद जोडून, पृष्ठांक टाकून. साहेबांनी ते विभागीय कार्यालयाला पाठवले. अठरा दिवसांनी उत्तर आले. पहिल्या यादीत बसत नाही, दुसऱ्या प्रवर्गात बसते. अंशतः तारण. शेत सुटले, राहत्या घराचा उतारा द्यावा लागला. भावाने तो त्याच दिवशी तलाठ्याकडून आणला. त्याला घरापेक्षा शेत प्यारे, हे मला ठाऊक होते.

पुतणी ऑगस्टमध्ये निघेल. ‘काउंटी’ हा शब्द तिच्याकडून तिची आई दिवसातून दोनदा म्हणवून घेते.

काल मंजुरीपत्र हातात आले. रक्कम बरोबर, व्याजदर बरोबर, मुलीचे नाव बरोबर. विद्यापीठाचे नाव टंकले आहे : ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर कंट्री’.

दुरुस्तीचे पत्र लिहायला बसलो आहे.